दर दोन तासांनी

पहाटेचे पावणेतीन. लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात मॉनिटरचे हिरवे आकडे सोडले तर बाकी सगळा अंधुक उजेड. सिस्टर खाटेजवळ येते, मुलाच्या कपाळावर हात ठेवते, नाव घेऊन हाक मारते. मग दोन बोटांनी पापणी उचलून टॉर्चचा उजेड बाजूने आत सोडते. बाहुली आकसते. दुसरा डोळा बघते, तीही आकसते. तक्त्यावर नोंद होते आणि ती पुढच्या खाटेकडे वळते. अर्ध्या मिनिटाचं काम. तासाभराने ती परत येणार आणि हेच करणार. दाराबाहेर बाकावर कलंडलेल्या आईला मात्र राहवत नाही. पोरगं आत्ता कुठे शांत झोपलंय, त्याला सारखं सारखं कशाला उठवतात?

उठवतात, कारण मूल झोपलंय की बेशुद्धीकडे घसरतंय हे त्याला उठवल्याखेरीज कळत नाही. मेंदूला मार लागलेल्या किंवा मेंदूचा आजार असलेल्या मुलाच्या शुश्रूषेची सुरुवात या हाकेपासून होते. औषधं, स्कॅन, शस्त्रक्रिया यांविषयी आपण बरंच ऐकतो. या प्रकरणात मी बोलणार आहे ते या हाकेबद्दल, कूस बदलण्याबद्दल, घास भरवण्याबद्दल आणि नळी तपासण्याबद्दल. कारण मूल किती वाचलं आणि कसं वाचलं, हे पुष्कळदा या कामांवर ठरतं.

कवटी म्हणजे हाडाची बंद पेटी. आत मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचं पाणी, एवढंच असतं, आणि तिन्ही दाटीवाटीने बसलेलं. यातलं एक वाढलं की दुसऱ्याला जागा सोडावी लागते. मेंदूला सूज आली की आधी पाणी मणक्याच्या पोकळीकडे सरकतं, मग शिरांमधलं रक्त कमी होतं. तेवढी सवलत संपली की आतला दाब एकदम चढतो. तोवर मूल बरं दिसत असतं, आणि हाच मोठा धोका आहे. पडल्यानंतर दोन तास खेळलेलं मूल तिसऱ्या तासाला उलट्या करून सुस्त होतं, ते यामुळे.

तान्ह्या बाळाची गोष्ट थोडी निराळी. त्याच्या कवटीची हाडं जुळलेली नसतात. आजी तेल भरते ती टाळू म्हणजे या पेटीचं उघडं राहिलेलं झाकण, आणि ते साधारण दीड वर्षापर्यंत भरून येतं. शांत, उभ्या धरलेल्या बाळाची टाळू फुगून ताणलेली लागली, जोडीला ताप किंवा उलट्या असल्या, तर सकाळपर्यंत थांबू नये. जुलाबांत तीच टाळू खोल जाते, म्हणजे अंगातलं पाणी कमी झालं. टाळूवरून हात फिरवायची आपल्याकडची सवय म्हणजे घरबसल्या होणारी तपासणीच आहे. फक्त हाताला काय लागलं ते सांगता आलं पाहिजे.

आता मुख्य मुद्दा. डोक्याला मार बसतो, किंवा जन्मताना बाळाचा श्वास कोंडतो, तेव्हा जे नुकसान होतं ती पहिली इजा. ती घडून गेलेली असते. कितीही मोठं इस्पितळ असलं तरी ती पुसता येत नाही. पण त्यानंतरच्या तासांत आणि दिवसांत दुसरी इजा होते. प्राणवायू कमी पडणं, साखर उतरणं, ताप चढणं, झटके लांबणं, आतला दाब वाढणं, यांतलं प्रत्येक कारण आधीच दुखावलेल्या मेंदूचा आणखी एखादा तुकडा घेऊन जातं. ही दुसरी इजा बऱ्याच अंशी टाळता येते. डॉक्टर राउंडला येतात, हुकूम लिहितात, पुढच्या खाटेकडे जातात. मधल्या सगळ्या वेळात दुसऱ्या इजेच्या वाटेवर उभी असते ती सिस्टर.

तिची साधनं किती साधी आहेत ते पाहा. खाटेची डोक्याकडची बाजू तीस अंश उचललेली आणि मान सरळ, नाक आणि बेंबी एका रेषेत. कारण मान एका बाजूला वळली की गळ्यातली शीर दबते, डोक्यातलं रक्त खाली उतरायला अडखळतं आणि दाब वाढतो. घशातला कफ सक्शनने काढायचा तर नळी आत दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, कारण तेवढ्यातही मूल खोकतं, कण्हतं, दाब उसळतो. अंग पुसणं, सक्शन, कूस बदलणं, सुई देणं ही कामं एकदम उरकून टाकावीत असं कुणालाही वाटेल. पण डोक्यातला दाब वाढलेला असताना ती सुटी सुटी, मध्ये विसावा देऊन करायची असतात. अनुभवी सिस्टर मॉनिटरकडे बघत थांबते, आकडा खाली येऊ देते, मग पुढचं काम हाती घेते. बाहेरून बघणाऱ्याला ती नुसती उभी दिसते.

हाकेला मूल किती प्रतिसाद देतं त्यावरून शुद्ध मोजण्याची पट्टी 1974 साली ग्लासगोच्या ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या दोघांनी दिली. डोळे उघडणं, बोलणं, हालचाल या तिन्हींचे गुण मिळून कमीत कमी तीन, जास्तीत जास्त पंधरा. पण आठ महिन्यांचं बाळ बोलणार काय? म्हणून लहान मुलांसाठी पट्टी बदलावी लागली. बाळ हुंकार देतंय का, नुसतं किरकिरतंय, चिमटा काढल्यावरच रडतंय, की कण्हतंय, यावर बोलण्याचे गुण. इथे मला एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे: या पट्टीवरचा सगळ्यात भरवशाचा आकडा आईजवळ असतो. ‘हे त्याचं नेहमीचं रडणं नाही’ असं आई म्हणाली की चांगली सिस्टर हातातलं काम टाकून खाटेशी येते.

मुंबईच्या उपनगरांत डोक्याला मार लागलेली ही मुलं कुठून येतात? काही पोटमाळ्यावरून. दहा बाय बाराच्या खोलीत वर पोटमाळा, तिथे चढायला भिंतीला जवळजवळ उभी टेकवलेली लोखंडी शिडी, खाली फरशी किंवा ओटा. काही ग्रिल नसलेल्या खिडकीतून आणि गच्चीच्या कठड्यावरून पडतात. काही स्कूटरवरून, कारण बाबांच्या पुढ्यात हँडल धरून उभं राहिलेलं मूल ब्रेक लागताच सगळ्यात आधी फेकलं जातं. 2022 च्या फेब्रुवारीत केंद्राने नियम काढला. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा हवा, डोक्याला हेल्मेट हवं आणि वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या आत हवा. सकाळी शाळेच्या वेळी अंधेरी किंवा मुलुंड स्टेशनच्या रस्त्यावर उभं राहून असे किती पट्टे दिसतात ते मोजावं.

डोक्याला मार लागलेलं मूल आधी जवळच्या इस्पितळात पोचतं. घाटकोपरकडचं राजावाडी, जुहूचं कूपर, कांदिवलीचं शताब्दी, बोरिवलीचं भगवती, मुलुंडचं अगरवाल. गरज पडली की पुढे सायन, केईएम, नाहीतर परळचं 1929 पासून मुलांसाठीच चाललेलं वाडिया. 108 ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात 2014 पासून फुकट मिळते. रिक्षात मूल मांडीवर आडवं घेऊन, मान लोंबकळत ठेवून धावण्यापेक्षा ती बरी. मानेलाही मार असू शकतो, म्हणून डोकं आणि धड एका रेषेत धरून उचलावं, हे शेजारच्या दहा जणांपैकी एकाला ठाऊक असलं तरी पुरे.

पण मार लागलेल्या मुलांपेक्षा वेगळी अशी कितीतरी मुलं या विभागांत असतात. जन्मताना गुदमरलेली, फार लवकर जन्मलेली, मेंदूज्वर झालेली, डोक्यात पाणी साठून ते काढणारी शंटची नळी बसवलेली, अपस्माराची. आणि कावीळ मेंदूत उतरलेली. या शेवटच्या कारणापाशी थोडं थांबू, कारण त्यावरचा इलाज एका सिस्टरच्या नजरेतून सुरू झाला.

इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यातलं रॉचफर्ड रुग्णालय, साल 1956. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा विभाग सिस्टर वॉर्ड सांभाळत होत्या. मोकळी हवा आणि ऊन बाळांना मानवतं अशी त्यांची समजूत, म्हणून बऱ्या दिवशी त्या काही बाळांना अंगणात नेत. एकदा राउंडच्या वेळी त्यांनी डॉक्टरांना एक बाळ उघडं करून दाखवलं. सगळं अंग फिकट, आणि एक त्रिकोणी पट्टा गर्द पिवळा. बाळाच्या अंगावर चादरीचं टोक आलं होतं, तेवढाच भाग पिवळा राहिला होता. बाकीची कावीळ उन्हाने उतरली होती. त्यावरून तिथल्या डॉ. क्रीमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केले, 1958 मध्ये निष्कर्ष छापले, आणि आज जगभर प्रसूतिगृहांत दिसणारा निळ्या दिव्याचा इलाज उभा राहिला. काविळीतलं पिवळं द्रव्य रक्तात फार वाढलं तर ते मेंदूच्या खोलातल्या भागांत जाऊन बसतं आणि मूल जन्मभर वेड्यावाकड्या हालचाली आणि बहिरेपण घेऊन जगतं. सिस्टरच्या त्या एका निरीक्षणाने किती मेंदू वाचले असतील, त्याची मोजदाद कोण करणार?

आपल्याकडे ‘कोवळं ऊन दाखवा, उतरेल’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. सौम्य कावीळ आपोआपही उतरते. पण पहिल्या चोवीस तासांत दिसलेली कावीळ, तळहात-तळपायांपर्यंत पोचलेली कावीळ, किंवा पिवळं पडून सुस्तावलेलं, दूध न ओढणारं बाळ, यांच्यासाठी खिडकीतलं ऊन पुरत नाही. त्याच दिवशी रक्त तपासलं पाहिजे.

गुदमरून जन्मलेल्या बाळांबाबतची एक अलीकडची कहाणीही समजून घेण्यासारखी आहे. अशा बाळाचं शरीर पहिल्या सहा तासांच्या आत थंड करायला घेऊन तीन दिवस साडेतेहतीस अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवलं, तर मेंदूचं नुकसान कमी होतं, असं श्रीमंत देशांत दिसलं होतं. आपल्याकडेही ते लागू पडतं का, हे पाहायला भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या रुग्णालयांत मोठी चाचणी झाली. आपलं सायन रुग्णालय तिच्यात होतं. 2021 मध्ये निकाल आला: इथल्या बाळांना फायदा दिसला नाही, उलट थंड केलेल्या गटात जास्त बाळं दगावली. तिकडचं यंत्र इकडे आणलं की काम भागलं, हा भ्रम त्याने तुटला. मग हाती काय उरतं? बाळाची ऊब नीट राखणं, ताप चढू न देणं, साखर तपासत राहणं, श्वासावर नजर आणि झटके ओळखणं. पुन्हा तीच सिस्टरची कामं.

झटके ओळखणं म्हणजे काय, तेही सोपं नाही. 1841 साली विल्यम जेम्स वेस्ट नावाच्या इंग्लिश डॉक्टराने ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिलं. विषय त्याचा स्वतःचाच तान्हा मुलगा. मूल सारखी मान पुढे झुकवतं, गुडघ्यांकडे वाकतं, सैल पडतं, पुन्हा झुकतं. एकामागून एक अशा लहरी येतात. कुणाला उपाय ठाऊक असेल तर कळवावा, अशी एका बापाची ती विनवणी होती. त्या काळी या झटक्यांना ‘सलाम’ झटके म्हटलं गेलं, कारण मूल वाकून सलाम करतंय असं दिसे. आज तो आजार वेस्टच्याच नावाने ओळखला जातो. आपल्या घरांत हीच लक्षणं ‘दचकतो’, ‘पोटात दुखतंय म्हणून पाय ओढून घेतो’ अशी सांगितली जातात आणि आठवडे निघून जातात. तीन महिने ते वर्षाच्या आतलं बाळ झोपेतून उठल्यावर असं लहरीलहरीने आकसत असेल तर मोबाईलवर चित्रफीत काढा आणि दोन दिवसांत मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. या आजारात इलाज किती लवकर सुरू झाला त्यावर पुढची बुद्धी अवलंबून असते.

मोठा झटका आला की घरातले सगळे धावतात. कुणी कांदा हुंगवतं, कुणी चप्पल नाकाला लावतं, कुणी दातखीळ उघडायला चमचा घालतं. चमच्याने दात तुटतात, तुकडा श्वासनळीत जातो. करायचं ते एवढंच. मुलाला जमिनीवर कुशीवर वळवा, गळ्याभोवतीचं सैल करा, तोंडात काहीही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. आणि घड्याळ बघा. घड्याळ बघायचं कुणाच्या लक्षात येत नाही, आणि सगळं त्याच्यावरच तर अवलंबून आहे. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत थांबतात. पाच मिनिटांवर गेला तर तो आपणहून थांबेल या भरवशावर राहता येत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेला झटका थांबवणारा मिडॅझोलॅमचा फवारा अशा वेळी नाकात मारायचा आणि दवाखाना गाठायचा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना तापात येणारे छोटे झटके भीतिदायक दिसतात, पण त्यांनी सहसा मेंदूला इजा होत नाही, हेही सांगून ठेवतो. नाहीतर आई वर्षभर झोपणार नाही.

कूस बदलण्याकडे वळू. माणूस झोपेत नकळत हलत असतो. न हलणाऱ्या शरीरात हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेपली जाते, बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि काही तासांत तो भाग मरायला लागतो. मोठ्यांमध्ये हे माकडहाडाशी आणि टाचेशी होतं. लहान मुलांत डोक्याच्या मागच्या भागाशी जास्त, कारण शरीराच्या मानाने त्यांचं डोकं जड. कानाच्या पाळीलाही जपावं लागतं. म्हणून दर दोन तासांनी कूस. डावी, पाठ, उजवी. लाल झालेला भाग बोटाने दाबून पाहायचा. दाबल्यावर पांढरा होऊन पुन्हा लाल होत असेल तर वेळ आहे; लालच राहिला तर बेडसोरची सुरुवात झाली. त्या जागेवर चोळू नये, वजन येऊ देऊ नये.

या दोन तासांच्या नेमाने काय साधतं, याचा दाखला आपल्या मुंबईतच आहे. तो लहान मुलाचा नाही, तरी तो सांगितल्याशिवाय हे प्रकरण पुरं होणार नाही. केईएमच्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 ला त्याच रुग्णालयात हल्ला झाला. गळा आवळला गेल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला आणि त्या पुन्हा कधी भानावर आल्या नाहीत. 18 मे 2015 ला न्यूमोनियाने त्यांचं निधन झालं. मधली जवळजवळ बेचाळीस वर्षं केईएमच्या सिस्टरांनी त्यांना सांभाळलं. ज्यांनी त्यांना कामावर पाहिलंही नव्हतं, अशा पुढच्या पिढ्यांच्या सिस्टरांनीही. दया-मरणाच्या अर्जावर 2011 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तेव्हा त्यांना बेडसोर होऊ दिला गेला नाही याची दखल त्या निकालातही घेतली गेली. त्या निकालावर कायद्याच्या अंगाने पुष्कळ लिहिलं गेलं. मला त्यात दिसतो तो हिशोब: दिवसाला बारा वेळा, बेचाळीस वर्षं.

आता खरी अडचण. रुग्णालयात तीन पाळ्यांमध्ये वाटलेलं हे काम डिस्चार्जच्या दिवशी एका बाईच्या पदरात पडतं. सिस्टरांची शिफ्ट बदलते, आईची बदलत नाही. हातात केसपेपरांची फाइल, औषधांची चिठ्ठी, नाकात राइल्सची नळी असलेलं मूल, आणि घर भांडुपच्या टेकडीवर किंवा दहिसरच्या एखाद्या चौथ्या मजल्यावर. कागदावर लिहिलेलं असतं: दर दोन तासांनी कूस बदलणे, नळीने आहार, फिजिओथेरपी. तीन ओळी. त्या तीन ओळींत काय काय भरलेलं आहे ते घरी गेल्यावर कळतं.

नळीचंच घ्या. प्रत्येक वेळी दूध सोडण्याआधी ती पोटातच आहे ना, हे पाहावं लागतं. नाकपुडीशी केलेली खूण जागेवर आहे का, सिरिंजने ओढल्यावर पोटातलं पाणी येतं का, आणि ते आम्लता मोजणाऱ्या पीएच पट्टीवर साडेपाच किंवा त्याखाली दाखवतं का. हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोप लावून ऐकायची जुनी पद्धत फसवू शकते, कारण नळी छातीत असली तरी तसाच आवाज येतो. दूध सिरिंज उंच धरून आपल्या वजनाने उतरू द्यायचं, दट्ट्या दाबून ढकलायचं नाही. आणि नंतर अर्धा तास मूल बसतं ठेवायचं.

तोंडाने खाणाऱ्या मुलाचीही काळजी कमी नाही. आडवं घेऊन, मान मागे टाकून, बोंडल्याने किंवा पळीने दूध ओतायची आपली जुनी रीत अशा मुलाला घातक आहे. मान मागे गेली की श्वासनळीचं दार उघडं पडतं. मूल बसतं धरावं, हनुवटी किंचित छातीकडे, घास समोरून, डोळ्यांच्या खालच्या पातळीवरून. पातळ पाणी सगळ्यात अवघड, दाट पेज सोपी. नाचणीची पेज चमच्यावर थांबेल इतकी घट्ट असली की पुष्कळ मुलं ती सुरक्षित गिळतात. खाताना ठसका, डोळ्यांत पाणी, खाल्ल्यावर घशात घरघर ही लक्षणं दिसली तर गिळणं तपासून घ्यावं. काही मुलं ठसकत नाहीत, अन्न गुपचूप छातीत जातं आणि दर महिन्याला ‘कफ’ होतो. तो कफ हवेमुळे नसतो.

औषधाच्या बाटलीतही एक धोका लपलेला असतो. झटक्यांवरचं फेनिटॉइन हे पातळ औषध तळाला बसतं. न हलवता दिलं तर पहिले काही दिवस मुलाला जवळजवळ नुसतंच पाणी मिळतं आणि झटके येत राहतात. बाटली संपत आली की तळचा दाट भाग जातो, मूल झिंगतं, डोळे भिरभिरतात. दोन्ही वेळा घरचे म्हणतात, औषध लागू पडत नाही. बाटली नीट हलवावी आणि घरातल्या चमच्याऐवजी सुई नसलेल्या सिरिंजने मोजून द्यावं. एवढं करून दाखवायला दोन मिनिटं लागतात.

मेंदूच्या इजेमुळे हालचालींवरचा ताबा बिघडलेल्या, म्हणजे सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलाचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर जातात, मांड्या घट्ट आवळल्या जातात, आणि वर्षानुवर्षांत खुबा सांध्यातून सरकतो. म्हणून ठरावीक काळाने खुब्याचा एक्स-रे काढतात. पण रोजच्या व्यवहारात एक उपाय आपल्याकडे आधीच आहे. मुलाला कडेवर घेणं. कमरेला दोन्हीकडे पाय टाकून घेतलं की मांड्या आपोआप फाकतात, धड सरळ राहतं, मुलाला जग दिसतं. दोन्ही हातांवर आडवं घेऊन फिरण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. रात्री कुशीवर झोपवताना गुडघ्यांच्या मध्ये जुन्या साडीची जाड घडी. त्यासाठी महागडी उशी लागत नाही.

घरी सक्शन लागणाऱ्या मुलाच्या आईला विजेचा धसका असतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि उपनगरांतली वीज कित्येक ठिकाणी दिवसचे दिवस गेली. 12 ऑक्टोबर 2020 ला सबंध मुंबई सकाळीच अंधारली. मशीन घरी आणतानाच पायाने चालवायचं सक्शनही आणून ठेवावं आणि महिन्यातून एकदा ते चालवून बघावं.

प्रवास हा तर वेगळाच छळ. तपासणीला परळ, थेरपीला 1955 पासून चाललेलं हाजी अलीचं पुनर्वसन केंद्र, आणि घर बोरिवलीला. मूल दोन वर्षांचं असताना कडेवर जातं, नऊ वर्षांचं झालं की आईची पाठ जाते. लोकलला दिव्यांगांचा डबा आहे, पण फलाट आणि डबा यांच्यातली फट व्हीलचेअरला पार होत नाही. 2014 मध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली, नंतर दहिसर-अंधेरीच्या मार्गिका आल्या. त्यांना लिफ्ट आहे, डब्याची पातळी फलाटाशी जुळते, म्हणून अशा घरांना मेट्रोचं मोल इतरांहून जास्त. तरीही मला वाटतं, आठवड्याची थेरपी मुलाच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर मिळायला हवी. उपनगरांतल्या प्रत्येक पालिका रुग्णालयात ती रोज, पुरेशा माणसांनिशी मिळणं ही चैन नव्हे.

मार्ग अगदीच नाहीत असं नाही. मिठू अलूर यांनी 1972 मध्ये मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी काढली, तेव्हा सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी शाळेचा विचारही आपल्याकडे नवखा होता. त्यांची मुलगी मालिनी हिला हाच आजार आहे, आणि तिने पुढे स्वतःचं आत्मकथन लिहिलं. 2013 च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला तो बोरिवलीच्या पुढे असलेल्या पालघरातूनच. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात होते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारचं अपंगत्व मानलं आहे. सेरेब्रल पाल्सी आणि मज्जासंस्थेचे दीर्घ आजार त्यात आहेत. नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा वैद्यकीय खर्च मिळतो, त्यात थेरपीही बसते. कित्येक घरांना याचं नावही ठाऊक नसतं. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढायला ‘अजून थोडी वाट बघू, सुधारेल’ म्हणून वर्षं घालवू नयेत. कागद काढल्याने मुलाची सुधारणा थांबत नाही.

शेवटी एक मागणी, वाचकांकडे आणि रुग्णालयांकडेही. तुमच्या घरातलं, शेजारातलं असं मूल घरी परतणार असेल, तर डिस्चार्जच्या तारखेआधी किमान तीन दिवस सगळी कामं आईने आणि घरातल्या आणखी एका माणसाने स्वतःच्या हाताने करावीत, सिस्टर शेजारी उभी असताना. ते दुसरं माणूस वडील असतील तर उत्तम. नळी तपासणं, दूध सोडणं, सक्शन, कूस, औषध मोजणं, झटका आला तर काय करायचं याची तालीम. चूक व्हायची ती तिथे होऊ दे, जिथे सुधारणारं कुणी आहे. सिस्टरच्या वाट्याला खाटा इतक्या असतात की ती आपणहून हे करेल अशी अपेक्षा धरणं अन्यायाचं होईल. म्हणून विचारायचं आपण. शब्द साधे आहेत: ‘सिस्टर, तुम्ही एकदा करून दाखवा, मग मी करते, तुम्ही बघा.’ घरी जाण्याआधी हे प्रत्येक कामासाठी म्हणा, आणि वॉर्डचा फोन नंबर फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या.